२४० च्या आधी व्होल्टेज बघा: ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरसाठी स्वस्तातला लिक्विड कूलर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंटेलचा आय-फाइव्ह १३६००के प्रोसेसर, झेड६९० मदरबोर्ड, सगळे परफॉर्मन्स कोअर (वेगवान मुख्य कोअर) ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीच्या वेगापेक्षा वर नेऊन, ५.४ गिगाहर्ट्झवर आणि व्होल्टेज १.३२ वर लॉक. सध्या एका टॉवरचा, एका पंख्याचा एअर कूलर. घर पुण्यात धनकवडीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, खोलीत एसी नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावला की दोन मिनिटांत तापमान १०० ला टेकतं आणि क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, आपोआप खाली येतो. बजेट सात हजार. 'यात २४० मिलिमीटरचा चांगला लिक्विड कूलर कोणता?'

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो: २४० (हे रेडिएटरचं माप) घेऊच नका. एकतर साडेतीन-चार हजारांत दोन टॉवरचा एअर कूलर घ्या आणि उरलेले पैसे खिशात ठेवा. नाहीतर हजार-दोन हजार वर घालून साधा, बिनदिव्यांचा ३६० घ्या. या दोन्हींच्या मधली जी जागा आहे, तिथेच दुकानदाराचा सगळ्यात जास्त माल खपतो आणि गिऱ्हाइकाचा सगळ्यात कमी फायदा होतो. पण हा निर्णयही दुसरा. पहिला निर्णय त्या १.३२ व्होल्टचा.

प्रोसेसर किती वीज खातो हे ढोबळमानाने क्लॉकच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतं. १३६००के ची कंपनीने ठरवलेली कमाल मर्यादा १८१ वॉट आहे आणि सगळ्या परफॉर्मन्स कोअरवर तो मुळातच ५.१ गिगाहर्ट्झ देतो. समजा तुमची चिप ५.१ ला १.२० व्होल्टवर १८० वॉट घेते. आता ५.४ आणि १.३२ करा. क्लॉक वाढला जेमतेम ६ टक्के, व्होल्टेज वाढलं १० टक्के, पण त्याचा वर्ग वाढला २१ टक्के. गुणाकार केला की वीज २८ टक्क्यांनी वाढते, म्हणजे २३० वॉट. ६ टक्के वेगासाठी ५० वॉट जादा उष्णता. एफिशियन्सी कोअर (कमी वीज खाणारे छोटे कोअर), लीकेज (चिपमध्ये वाया जाणारी वीज) वगैरे धरलं तर गणित इतकं सरळ राहत नाही, पण दिशा हीच आणि अंदाजही फार चुकत नाही.

हीच आकडेमोड तापमानाला लावा. कूलर कसाही असो, त्याचं काम खोलीच्या हवेपेक्षा प्रोसेसर किती अंश वर राहील एवढंच ठरवतं, आणि हा फरक वॉटच्या प्रमाणात वाढतो. समजा एखादा बरा कूलर २४ अंशांच्या खोलीत १८० वॉटला ८० अंश दाखवतो. फरक ५६ अंशांचा. हाच कूलर २३० वॉटला साधारण ७१-७२ अंशांचा फरक दाखवेल. तुमच्या खोलीत मे महिन्यात दुपारी ३४ अंश असतील, स्लॅब तापलेला असेल तर जास्तच. बेरीज १०५. या प्रोसेसरची मर्यादा १०० आहे, म्हणून तो स्वतःच क्लॉक खाली ओढतो. म्हणजे ५.४ साठी व्होल्टेज भरलंत आणि रेंडरला मिळाले कदाचित ५.१, तेही जास्त तापून.

आता ५.२ ला १.२२ व्होल्टवर चिप स्थिर राहते का बघा. राहिली तर वीज १९० वॉटच्या आसपास, आणि तोच कूलर त्याच मे महिन्यात ९३ वर थांबेल. आणि ५.१ वरच ठेवून व्होल्टेज १.१५ पर्यंत उतरवता आलं, तर १६५ वॉट आणि ८५ अंश. प्रत्येक चिप वेगळी, तुमची कुठे थांबेल ते चाचणीनेच कळेल. पण ५.४ आणि ५.२ मधला फरक रेंडरच्या वेळेत ४ टक्क्यांच्या आतबाहेर आहे. तासाभराच्या रेंडरमध्ये दोन-अडीच मिनिटं. खेळांमध्ये तर तो बहुतेक ग्राफिक्स कार्डाच्या मर्यादेत हरवूनच जातो.

ओव्हरक्लॉकिंगची हौस मला कळते, ती स्वतःची मजा आहे, मी नाक मुरडत नाही. फक्त १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या इंटेल चिपबाबत एक गोष्ट सांगायलाच हवी. जास्त व्होल्टेजमुळे या चिप कायमच्या अस्थिर होण्याचा दोष इंटेलने २०२४ मध्ये मान्य केला, ऑगस्टमध्ये तो रोखणारा मायक्रोकोड (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) काढला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमची चिप त्या यादीत आहे. तेव्हा कूलरला हात लावण्याआधी बायॉस (मदरबोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, हा मायक्रोकोड त्यातूनच येतो) नवीन करा, आणि व्होल्टेज फिक्स मोडमध्ये असेल तर अडॅप्टिव्हमध्ये आणा, म्हणजे मशीन नुसतं चालू असताना दिवसभर १.३२ बसत नाही. कितीही भारी कूलर लावला तरी जादा व्होल्टेजची झीज तो थांबवत नाही.

आता पाण्याकडे. 'लिक्विड कूलर' म्हटलं की आपल्या डोक्यात माठ येतो. माठातलं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार होतं, कारण ते झिरपून उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. लिक्विड कूलर बंद असतो, त्यात बाष्पीभवन नाही. त्यातलं पाणी उष्णता फक्त प्रोसेसरवरून उचलून रेडिएटरपर्यंत नेतं, आणि तिथे शेवटी हवाच ती घेते. म्हणून तो खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. याचा एक फायदाही आहे: पावसाळ्यात बाहेर कितीही दमट असलं तरी पाइपवर दव धरत नाही. त्या भीतीने कुणी विचारलं तर निर्धास्त सांगा.

यातूनच पुण्याचा प्रश्न येतो. बहुतेक परीक्षणं २० ते २५ अंशांच्या खोलीत केलेली असतात. तिथे ७८ अंश दिसले की आपण खूश होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये शिवाजीनगरचा पारा चाळिशीला टेकतो, आणि एसी नसलेल्या खोलीत संध्याकाळीही ३३-३४ राहतात. परीक्षणातल्या आकड्यात सरळ १० अंश मिळवा, मगच तुलना करा. उलट बाजूही लक्षात ठेवा. डिसेंबरच्या रात्री ओव्हरक्लॉक ठरवला की सगळं छान चालतं, तोच सेटिंग अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला कोसळतो. सेटिंग उन्हाळ्यात ठरवावं, हिवाळा आपोआप सुखाचा जातो.

रेडिएटरच्या मापांचं गणित फार कमी लोक करतात. २४० म्हणजे १२० चे दोन पंखे: २४० गुणिले १२०, म्हणजे २८,८०० चौरस मिलिमीटर. २८० म्हणजे १४० चे दोन: ३९,२००. ३६० म्हणजे १२० चे तीन: ४३,२००. म्हणजे २४० वरून २८० वर गेलात की क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं, ३६० ला ५० टक्क्यांनी. २८० आणि ३६० मध्ये फक्त दहा टक्के. २८० हा खरा हुशारीचा सौदा आहे. पण स्वस्त गटात तो कमी मिळतो आणि बऱ्याच कॅबिनेटमध्ये १४० च्या पंख्यांना जागा नसते. मिळाला आणि बसला तर सोडू नका.

दोन टॉवरचे आजचे स्वस्त एअर कूलर, उदाहरणार्थ थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई किंवा डीपकूलचा एके६२०, साधारण २४० च्या बरोबरीने चालतात. कधी दोन-तीन अंश मागे, कधी पुढे. फरक इतकाच, की त्यांच्यात बिघडण्यासारखा भाग एकच: पंखा. तो चारशे-पाचशे रुपयांत बदलता येतो. लिक्विड कूलरमध्ये पंप गेला की अख्खा कूलर गेला. म्हणून १८०-१९० वॉटपर्यंत मी कुणालाही २४० सुचवत नाही. पाण्याचा खरा फायदा दिसायला लागतो तो २०० वॉटच्या वर, सलग, अर्धा-पाऊण तास चालणाऱ्या कामात. तुम्ही ब्लेंडर लावता, म्हणून ३६० चा पर्याय तुमच्यासाठी खुला ठेवला. फक्त खेळ असते तर एअर कूलरवर विषय संपवला असता.

हे वाचणाऱ्यांत एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाले असतीलच, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. रायझन ५८००एक्स १४२ वॉटपर्यंत जातो, म्हणजे तुमच्यापेक्षा कितीतरी कमी, तरी तापतो. कारण ती उष्णता जवळपास ८० चौरस मिलिमीटरच्या एका छोट्या चिपलेटमधून बाहेर पडते. अडथळा रेडिएटरवर नसून चिप आणि झाकणाच्या मध्ये असतो. तिथे २४० च्या जागी ३६० लावून हाती येतात दोन-चार अंश. ७००० मालिका तर मुळात ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच थांबण्यासाठी बनवली आहे. मोठा कूलर लावला की ती तापमान कमी करण्याऐवजी थोडा जास्त क्लॉक घेते. अशा वेळी कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज उतरवायची बायॉसमधली सोय) आणि वीजमर्यादा कमी करणं हा फुकटातला कूलर आहे.

मग आठ-नऊ हजारांच्या ३६० मध्ये काय बघायचं? पंप आणि वॉरंटी, बाकी सगळं मागाहून. स्वस्त कूलर बनवणारा पैसे वाचवतो ते पंपाच्या बेअरिंगमध्ये, पंख्यांमध्ये आणि पकड बसवायच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये. दिवे मात्र झगमगीत देतो, कारण ते फोटोत दिसतात. पंपावर चित्र दाखवणारा पडदा असेल आणि किंमत तरीही सात हजार असेल, तर तो पैसा कुठून तरी कापलेलाच असतो.

बहुतेक सगळ्या स्वस्त बंद कूलरमध्ये तळाची प्लेट तांब्याची आणि रेडिएटर अॅल्युमिनियमचा असतो. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात म्हणजे गंज धरायचाच. तो रोखायला द्रवात रसायन घातलेलं असतं. त्यामुळे 'पाणी कमी झालंय, थोडं भरून देतो' असं कुणी म्हणालं तर कूलर उचला आणि घरी या. टँकरचं किंवा बोअरचं पाणी तर सोडाच, बाटलीतलं पिण्याचं पाणीही त्यात जाता कामा नये. रबरी पाइपांमधून वर्षानुवर्षं थोडा द्रव उडत राहतो, हे नैसर्गिक आहे. पाच-सहा वर्षं हे अशा कूलरचं सर्वसाधारण आयुष्य समजा. जुन्या बाजारातून घेतलेल्या कूलरचं किती आयुष्य उरलंय ते कुणालाच सांगता येत नाही, आणि वर एलजीए१७०० ची (तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटची) पट्टी बऱ्याचदा त्यासोबत नसते. जुन्या एलजीए१२०० सॉकेटची भोकं ७५ मिलिमीटरवर, तुमची ७८ वर. जबरदस्तीने बसवलेला कूलर एका कोपऱ्यात टेकतो आणि दुसऱ्यात नाही.

वॉरंटीची वर्षं मोजा. आर्क्टिकचा लिक्विड फ्रीझर ३ सहा वर्षं देतो, सोबत एलजीए१७०० साठी कॉन्टॅक्ट फ्रेमही (प्रोसेसर सगळीकडून सारखा दाबून धरणारी चौकट) देतो, आणि स्वस्त सेलमध्ये सापडला तर माझी पहिली पसंती तोच. अट एकच: त्याचा रेडिएटर ३८ मिलिमीटर जाड आहे. वर २५ चे पंखे धरले की ६३ मिलिमीटर होतात. नेहमीचे रेडिएटर २७ चे, म्हणजे पंख्यांसकट ५२. छताला लावणार असाल तर मदरबोर्डाच्या वरच्या कडेपासून छतापर्यंतची जागा पट्टीने मोजा, रॅमची उंचीही बघा. मोजमाप न करता मागवलेला ३६० परत पाठवायला लागतो, आणि उघडलेला खोका परत घेताना ऑनलाइन विक्रेता काय काय कारणं सांगतो ते तुम्हाला माहीत असेलच. एअर कूलरसाठी दुसरं माप: टॉवरची उंची १५५ ते १६० मिलिमीटर असते, कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची लिहिलेली असते. दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

कॅबिनेटचं तोंड काचेचं किंवा बंद प्लास्टिकचं असेल, तर ही सगळी चर्चा थांबवा आणि आधी जाळीचं कॅबिनेट घ्या. बाजूचं झाकण काढून तीच चाचणी करा. तापमान सात-आठ अंशांनी पडलं तर दोष कूलरचा नाही, हवेच्या वाटेचा आहे.

बसवताना एक नियम पक्का: सिस्टिममधली हवा सगळ्यात उंच जागी जमते, आणि ती जागा पंपाची असू नये. छताला रेडिएटर लावला तर प्रश्नच नाही. पुढे उभा लावला तर रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा, आणि जमलं तर पाइपांची तोंडं खाली. तळाला रेडिएटर लावून वर पंप, हे चित्रात देखणं दिसतं आणि पंप हवा पिऊन मरतो. छत की पुढची बाजू यात प्रोसेसरला पुढून ताजी हवा मिळते, पण मग ग्राफिक्स कार्डाकडे कोमट हवा जाते. रेंडर जर कार्डावर चालत असेल तर छतच बरं.

पंपाची वायर मदरबोर्डावर पंपासाठी असलेल्या जागी लावा आणि बायॉसमध्ये पंप पूर्ण वेगावर ठेवा. पंख्यांसारखा तापमानावर वरखाली होऊ देऊ नका. प्रोसेसर फॅनची जागा रिकामी राहिली तर काही बोर्ड सुरू होतानाच ओरडतात, तिथे रेडिएटरचे पंखे लावा. पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर बांधलेला असेल तर प्रत्येक वेळी ब्राउझर उघडलं की घुर्रर्र होतं, कारण चिपचं तापमान क्षणात वीस अंश उडी मारतं. पाणी मात्र सावकाश तापतं. बायॉसमध्ये पंख्यांना वेग वाढवायला काही सेकंदांचा उशीर द्या, कटकट संपते.

पाणी सावकाश तापतं याचा दुसरा अर्थ असा, की दहा मिनिटांची चाचणी लिक्विड कूलरची खोटी स्तुती करते. सिनेबेंच (प्रोसेसरची चाचणी घेणारा प्रोग्रॅम) एकदा चालवून '७५ आले' म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. सिनेबेंच अर्ध्या तासाच्या मोडवर लावा, एचडब्ल्यूइन्फो (हे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा, शेवटच्या पाच मिनिटांतले वॉट, तापमान, क्लॉक आणि खोलीतलं तापमान लिहून ठेवा. थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे क्लॉक खाली येण्याच्या) रकान्यात एकदाही 'येस' येता कामा नये. दुपारी तीन वाजता करा, रात्री नको.

धूळ हा पुण्यात वेगळा धडा आहे. शहरात कुठे ना कुठे खोदकाम सुरूच असतं आणि रेडिएटरच्या बारीक पात्यांमध्ये ती धूळ नमद्यासारखी बसते. दिवाळीच्या साफसफाईत एकदा आणि उन्हाळ्यापूर्वी एकदा, ब्लोअरने उलट बाजूने हवा मारा. पंखे बोटाने धरून मारा, नाहीतर ते वाटेल तसे फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट दर दोन-तीन वर्षांनी बदला. जुनी पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल तापकीर गल्लीत मिळतं, फार महाग नाही.

खरेदी कुठून? फरक पाचशेच्या आत असेल तर शहरातल्या दुकानातून, जीएसटीच्या पक्क्या बिलावर, सीरियल नंबर बिलात लिहून घेऊन. आणि पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा. पंप गेला तर कूलर इथेच जमा करता येईल की मुंबईला पाठवावा लागेल? गळती होऊन बोर्ड किंवा कार्ड गेलं तर कंपनी भरून देते का? दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' किंवा 'बघावं लागेल' असं येतं. काही कंपन्या भरून देतात, पण ते वॉरंटीच्या कागदावर लिहिलेलं दाखवलं तरच धरा. गळती क्वचित होते हे खरं. पण पंप बंद पडणं तितकं क्वचित नाही, आणि त्याची लक्षणं ओळखता यायला हवीत: पंपाचा वेग शून्य दिसणं, मशीन सुरू होताच काही सेकंदांत ९० च्या वर उडी, एक पाइप गरम आणि दुसरा गार, किंवा महिन्यांनंतरही खळखळ आवाज येत राहणं.

म्हणून ३६० घेतलात तरी सध्याचा एका टॉवरचा कूलर विकू नका. के मालिकेच्या प्रोसेसरसोबत खोक्यात कूलर येतच नाही. लिक्विड कूलर दुरुस्तीला गेला आणि दोन-तीन आठवडे आला नाही, तर तेवढ्या काळात बायॉसमध्ये वीजमर्यादा १२५ वॉटवर आणा आणि जुना टॉवर चढवा. काम सुरू राहील. त्याच्या पट्ट्या आणि स्क्रू एका पिशवीत घालून कॅबिनेटच्या खोक्यातच ठेवा.

आणि कूलर मागवण्याआधी, आज संध्याकाळीच, ५.२ आणि १.२२ वर ती अर्ध्या तासाची चाचणी एकदा सध्याच्या कूलरवरच करून बघा. ९५ च्या आत राहिला तर नवीन कूलरची घाई नाही. वर गेला, पण वॉट १९० च्या आसपासच असतील, तर दोन टॉवरचा घ्या. ५.४ सोडायचाच नसेल, तर ३६०.